झुळकीवर फोडलेलं खापर
लेखमाला : पंखाखालचा माणूस (भाग ९)

मागच्या भागात आपण हँग ग्लायडर खांद्यावर घेऊन उतारावरून पळालो आणि पाय सुटले तिथे थांबलो. या भागात उतरायचं आहे.

उतरताना आपटलेल्या पायलटला काय झालं म्हणून विचारा. उत्तर बहुधा एकच मिळतं : सगळं नीट चाललं होतं, ऐन वेळी झुळूक आली. तो खोटं बोलत नसतो. तापलेल्या शेतावर दुपारी झुळूक येणारच, तिथली हवा कधी निपचित नसते. पण झुळकीवर खापर फोडलं की चौकशी तिथेच मिटते, आणि शिकण्यासारखं जे काही होतं ते त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत तसंच पडून राहतं.

आधी यंत्राची थोडी ओळख. कामशेतच्या बाजूला डोंगरावर रंगीत पंख तरंगताना दिसतात ते पॅराग्लायडर : नुसतं कापड आणि दोऱ्या, पायलट खुर्चीत बसल्यासारखा. हँग ग्लायडरला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो. त्यावर शीड ताणलेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे दहा मीटर, वजन तीसेक किलो. मधल्या नळीला पायलट हार्नेसने टांगलेला, पालथा. त्याच्यापुढे त्रिकोणी चौकट : खाली आडवी दांडी, दोन्ही बाजूंना उभे दांडे. सुकाणू म्हणून वेगळं काही नसतं, पायलटचं वजन हेच सुकाणू. दांडी छातीकडे ओढली की वजन पुढे सरकतं, नाक खाली जातं, वेग वाढतो. दांडी पुढे लोटली की वेग उतरतो. अंग डावीकडे नेलं की पंख डावीकडे वळतो.

उतरताना वारा पाठीशी घेऊन शेताच्या कडेने जायचं, दोन वळणं घेऊन वाऱ्याकडे तोंड करायचं, अंगात वेग ठेवून खाली यायचं, मग जमिनीलगत सरळ तरंगत तो वेग जिरू द्यायचा. शेवटी दोन्ही हातांनी उभे दांडे वर आणि पुढे जोरात लोटायचे. नाक आभाळाकडे जातं, पंख हवेला आडवा होतो, ग्लायडर जवळपास जागच्या जागी थांबतो आणि पाय टेकतात. याला फ्लेअर म्हणतात. भातखाचरात बगळा उतरतो तेव्हा नीट पाहा. तोपर्यंत आडवं असलेलं अंग तो एकदम उभं करतो, पंख पसरून हवेसमोर धरतो, पाय पुढे टाकतो. वेग मारायला त्याला बांधाएवढी जागा पुरते.

आता नेहमी घडतो तो अपघात घेऊ. तो कुणा एका पायलटचा नाही. थोड्याफार फरकाने जिथे हा खेळ आहे तिथे तो घडलेला आहे. आपण तो उलटा, शेवटाकडून वाचू.

आडवी दांडी मातीत रुतते. चौकट थांबते, पण तिच्याखाली टांगलेला माणूस थांबत नाही. तो पुढे झोकला जातो आणि त्याच्या वजनाने ग्लायडरचं नाक जमिनीवर आपटतं. तोंडावर आपटणं म्हणजे काय, हे इथे शब्दशः पाहायला मिळतं. नाक आपटलं तरी एरवी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते हातांमुळे, कारण ते अजून उभे दांडे घट्ट धरून असतात. अंग पुढे गेलं, हात मागे राहिले, सगळा पीळ दंडाच्या हाडावर आला. दंडाचं हाड पिळवटून मोडणं किंवा खांदा निखळणं ही या खेळातली ओळखीची दुखापत आहे. पडताना हाताला लागेल ते धरून ठेवणं माणसाच्या अंगात मुरलेलं असतं, त्यामुळे सोडणं मुद्दाम शिकावं लागतं. नाक जाणार हे कळलं की दांडे सोडायचे, हात छातीशी घ्यायचे. दांडा वाकला तर वाकू द्यावा. साध्या गोल नळीचा दांडा वाकताना धक्का खातो आणि नवा बसवता येतो. जुन्या पायलटांच्या गाडीत एक-दोन जादा दांडे पडलेले असतातच.

एक सेकंद मागे जाऊ. फ्लेअर फसला. लवकर लोटलं असतं तर ग्लायडर वर चढला असता आणि तीन-चार मीटरवर वेग संपून खाली कोसळला असता. उशीर केला तर लोटूनही नाक उठत नाही, कारण पंखात तेवढा जोर उरलेला नसतो. या दोहोंमधली संधी जेमतेम एखाद्या सेकंदाची. दांड्यांवर हात हलके ठेवले तर ग्लायडर हाताखाली ढिला पडू लागल्याचं जाणवतं. मुठी आवळल्या की काहीच कळत नाही, आणि घाबरलेला माणूस मुठीच आवळतो.

इथे एक हिशेब मांडावासा वाटतो. एखाद्याच्या नोंदवहीत शंभर तासांचं उड्डाण आहे आणि ते त्याने साठ वेळा उडून जमवलं आहे असं धरू. फ्लेअरचे दोन सेकंद धरले तर त्याचा फ्लेअरचा एकूण सराव दोन मिनिटांचा. चांगली हवा लागली की माणूस चार-चार तास वर राहतो, तास भराभर वाढतात, उतरणं मात्र दर वेळी एकदाच. पुढे विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरने १९०१ साली शिकागोत इंजिनिअरांपुढे व्याख्यान दिलं, त्यात असाच हिशेब होता : आद्य ग्लायडरवाल्या ऑटो लिलिएन्थालने पाच वर्षं खपून प्रत्यक्ष हवेत काढलेला वेळ सगळा मिळून पाचेक तास. शंभर तासवाल्यांनी छोट्या टेकडीवर जाऊन दिवसभर नुसतं चढावं-उतरावं, असं मला वाटतं. ते करत नाहीत, कारण टेकडी नवशिक्यांची असते.

आणखी तीन सेकंद मागे. इथे ती झुळूक भेटते. तिने उजवा पंख उचलला. उपाय सोपा : अंग उजवीकडे न्यायचं, वजनाने पंख खाली बसतो. पण पायलटने हात आडव्या दांडीवरून उभ्या दांड्यांवर नेलेले आहेत, अंग अर्धवट उभं झालं आहे. या अवस्थेत तो घाईने डोकं आणि खांदे उजवीकडे खेचतो आणि कंबर-पाय डावीकडे जातात. आपण जीव खाऊन उजवीकडे झुकतो आहोत असं त्याला वाटतं, पण एकंदर वजन जागचं हललेलंच नसतं. शिकवणारे म्हणूनच डोक्याचं बोलत नाहीत, आधी पाय न्या म्हणतात. त्यात शेतात एकच झाड असेल तर नजर त्यावर खिळते आणि ग्लायडर नजरेमागे जातो. मोकळं शेत सोडून त्या एकुलत्या झाडात शिरलेले पायलट या खेळात कमी नाहीत.

दहा सेकंद मागे गेलो की झुळूक नसती तरी काय झालं असतं ते दिसतं. जमिनीलगत वारा मंदावतो. माती, गवत, झाडं त्याला अडवतात. समजा, पंधरा मीटरवर समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आहे आणि ग्लायडर हवेतून ४० ने चालला आहे. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग २०. आता तो झपकन तीन मीटरवर आला आणि तिथे वारा ८ चाच निघाला. जडत्वामुळे जमिनीच्या हिशेबाचा वेग लगेच बदलत नाही, तो वीसच्या आसपास राहतो. मग पंखावरून जाणारी हवा किती? २८. ग्लायडर तिशीच्या खाली स्टॉल होणारा, म्हणजे पंखाची उचल सोडणारा, असेल तर संपलंच. सावरायला उंची नाही. आणि हे सगळं शांतपणे घडतं, धक्का नाही, आवाज नाही. म्हणून उतरताना पंखात वेग भरून ठेवायचा असतो. जमीन जवळ येताना दिसली की मन सांगतं हळू हो, आणि इथे मनाचं ऐकलं की घात होतो.

अर्धा मिनिट मागे : शेवटचं वळण उशिरा आणि अर्धवट घेतलं गेलं. कारण पायलट उंच आला होता. ग्लायडर दर मीटर उंचीला दहा मीटर पुढे जातो असं धरलं, तर दहा मीटर जास्तीची उंची म्हणजे शंभर मीटर जास्तीचं शेत. जमिनीलगत पंख आणखी तरंगतो, ते वेगळंच. शेत संपत आलं, समोर कुंपण दिसलं, आणि पूर्ण वाऱ्याकडे वळायच्या आधीच त्याने उतरायचं ठरवलं. घाईघाईत कुणी वाऱ्याबरोबरच उतरतो. त्याची किंमत पाहा. हवेतला वेग ३० आणि वारा १० असेल तर वाऱ्यासमोर जमिनीचा वेग २०, वाऱ्याबरोबर ४०. वेग दुप्पट, पण आपटण्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट.

आणि तीन मिनिटं मागे? तिथे काहीच घडत नव्हतं. पायलट शेताच्या वर होता, उंची उतरत होती आणि तो अजून एखादं थर्मल, म्हणजे वर चढणारी तापलेली हवा, सापडतंय का बघत होता. हात गारठलेले, घसा कोरडा, दोन तास दांडी ओढून खांदे भरून आलेले. धूर कुठल्या दिशेला जातोय, तळ्यावर लाटा कुठून येतायत, उतरताना कुठे वळायचं, हे ठरवण्याची हीच वेळ होती. पण उतरायचं असं त्याने मनातून मान्यच केलं नव्हतं. एक थर्मल मिळालं असतं तर पुन्हा वर, आणखी तासभर. ते मिळालं नाही हे कळेस्तोवर वळणं आखायची वेळ निघून गेली होती. माझ्या मते अपघात इथे झाला. पुढचं सगळं त्याचं व्याज.

खेळातल्या संघटना अपघाताचे अहवाल मागवतात. हे अहवाल वाचताना मी एक गोष्ट पाहतो : गोष्ट किती उंचीवरून सुरू केली आहे? तीन मीटरवरून सुरू झालेल्या गोष्टीत झुळूक हमखास असते. शंभर मीटरवरून सुरू झालेल्या गोष्टीतही ती असते, पण एका वाक्यापुरती.

या खेळाचा मूळ पुरुष झुळकीनेच गेला. लिलिएन्थाल जर्मन इंजिनिअर. करकोच्यांच्या उडण्याचा अभ्यास करून त्याने १८८९ साली पुस्तक लिहिलं आणि नंतर स्वतःच्या पंखांनी सुमारे दोन हजार उड्डाणं केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी बर्लिनच्या वायव्येला श्टोलन गावाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर वर उसळणाऱ्या उन्हाळी हवेने त्याच्या ग्लायडरचं नाक उचललं. ग्लायडर हवेत थबकला. नाक खाली आणायला त्याने पाय पुढे टाकले, पण उपयोग झाला नाही. सुमारे पंधरा मीटरवरून तो खाली आला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या इस्पितळात वारला. ते उतरणं नव्हतं, मधेच पडणं होतं. तरी त्यातून निघालेले धडे आपल्या विषयाचे आहेत, कारण ते दोन आहेत आणि एकमेकांविरुद्ध आहेत.

लिलिएन्थाल पंखाला बाहूंच्या आधाराने लटकायचा. कंबरेखालचं अंग तेवढं मोकळं. पाय कितीही झोकले तरी वजन फारसं सरकायचं नाही. राइट बंधूंनी यावरून अर्थ काढला की वजन सरकवून उडणं हीच मुळात अपुरी रीत, आणि ते पंखांना पीळ देण्याकडे आणि हलत्या सुकाणूकडे गेले. त्यातून विमान आलं. ऑस्ट्रेलियात ग्राफ्टन गावी जॉन डिकन्सनने १९६३ साली दुसरा अर्थ काढल्यासारखं केलं, लिलिएन्थालचा विचार त्याच्या मनात असो वा नसो. बोटीमागे ओढायच्या पतंगाला त्याने माणूस लंबकासारखा टांगला आणि त्याच्यापुढे त्रिकोणी चौकट दिली. आता सबंध माणूस सरकू लागला. वजनाची रीत खोटी नव्हती, तिला टेकायला जागा नव्हती. आजचा प्रत्येक हँग ग्लायडर त्या चौकटीवर चालतो. दंडाचं हाड मोडणारे उभे दांडेही त्याच चौकटीचे.

लिलिएन्थालबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याने आपल्या ग्लायडरसाठी लवचीक काठीची पुढे आलेली कमान केली होती, आपटल्यावर धक्का खाण्यासाठी. १८९४ साली तो असाच नाकावर आला तेव्हा तिनेच त्याला वाचवलं. मृत्यूच्या दिवशी ती लावलेली नव्हती.

आज त्या कमानीचं काम चाकं करतात. आडव्या दांडीच्या दोन टोकांना दोन चाकं लावली की दांडी मातीत रुतत नाही, घरंगळते. पाय टेकण्याचा नादच सोडून पोटावर उतरता येतं. शिकताना ती सगळ्यांच्या ग्लायडरला असतात. पुढे पुष्कळ जण ती काढून टाकतात. विचारलं तर सांगतात, हवेचा विरोध वाढतो. किती वाढतो ते मोजून पाहिलेला पायलट मला अजून भेटायचा आहे.

(पुढील भागात : ढगाखाली ओढलं जाणं)