एसईजीएममधला एम कोणाचा?

आधी माझा मूर्खपणा सांगते, मग कॉम्प्युटरकडे वळू.

मागच्या हिवाळ्यात आजीला शेगावला न्यायचं ठरलं. गुरुवार, महाराजांचं दर्शन. तिनं वर्षभर मनात धरलेलं. तिकिटाची जबाबदारी अर्थातच इंजिनिअरिंगवाल्या नातीवर! मी मोबाइलवर बडनेऱ्याहून 'एसईजी' टाइप केलं, खाली जे आलं त्यावर बोट ठेवलं, पैसे भरले आणि मोकळी झाले. प्लॅटफॉर्मवर आजीच म्हणाली, "काऊन वं पोरी, हे गाडी त नागपूरकडे चालली नं?" तिकिटावर एसईजीएम होतं. म्हणजे सेवाग्राम. शेगाव पश्चिमेला, सेवाग्राम पूर्वेला, आणि मधे बडनेऱ्यात आम्ही दोघी जेवणाचा डबा धरून उभ्या.

होस्टेलवर ही गोष्ट सांगितली तर सहानुभूती कोणालाच नाही, सिद्धांत मात्र प्रत्येकीचा. रूममेट म्हणाली, शेवटचा एम म्हणजे महात्मा, गांधीजींचं गाव म्हणून! दुसरी म्हणे न्यू अमरावतीचा कोड एनएव्हीआय आहे, म्हणजे चक्क मराठी 'नवी'. आणि अमरावतीचा एएमआय म्हणजे आपलं वऱ्हाडी 'आमी'. ऐकायला इतकं छान वाटतं की खरं नसलं तरी चालेल असं वाटतं.

पण कागदावर स्पेलिंग लिहून पाहा. सेवाग्राममधून एस, ई, जी, एम ही अक्षरं क्रमानं उचलता येतात. एम हा 'ग्राम'चा. शेगावमधून एस, ई, जी. न्यू अमरावतीतला एन हा न्यूचा. महात्माही नाही आणि नवीही नाही.

कोड इतके तोकडे का, याचं कारण कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे. आपली ही लाइन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, ती 1867 मध्ये नागपूरला पोचली. तेव्हा एका स्टेशनचा निरोप दुसऱ्याला तारेनं जायचा, मोर्सच्या कट्ट-कडकट्टमधून. तारबाबूला दर वेळी 'बडनेरा' पूर्ण वाजवायला लावलं असतं तर त्याचा हातच गेला असता. म्हणून बडनेरा बीडी, अकोला एके, वर्धा डब्ल्यूआर. पुढे 1985 मध्ये दिल्लीत कॉम्प्युटरवर रिझर्वेशन सुरू झालं, तेव्हा ही अक्षरं आयतीच तयार होती. डीबीएमएसच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की. गावाचं नाव हा नुसता एक कॉलम, तो बदलता येतो. की बदलायची म्हटलं तर ती जिथे जिथे लिहिली आहे तिथे तिथे हात घालावा लागतो. मुंबईत तसं झालंही: 1996 च्या नामांतरानंतर व्हीटी गेलं आणि सीएसटीएम आलं, 2017 च्या नामांतरानंतर सीएसएमटी. पण आपल्या अचलपूरचा कोड बघा, ईएलपी! इंग्रजांच्या काळातलं एलिचपूर त्यात अजून जिवंत आहे. शकुंतला बंद पडली तरी ही तीन अक्षरं राहिली.

मेनफ्रेमवर तर अशा ईएलपींचा बाजार आहे. आयबीएमच्या जेईएस-2 मध्ये आजही मेसेजच्या सुरुवातीला 'हास्प' हा शब्द दिसतो. त्यातला एच म्हणजे ह्यूस्टन, कारण 1960 च्या दशकात तो मूळ प्रोग्रॅम नासाच्या ह्यूस्टन केंद्रासाठी लिहिला गेला. प्रोग्रॅम बदलला, नाव बदललं, ह्यूस्टन राहिलं.

मला सर्वांत आवडलेला नमुना आयईएफबीआर-14. हा प्रोग्रॅम काहीही करत नाही. खरंच! आयईएफ हा जॉब सांभाळणाऱ्या भागाला दिलेला प्रीफिक्स. लोकांनी त्याचे काय काय फुल फॉर्म बनवले असतील देव जाणे. पण बीआर-14 मात्र गंमत नाही, ती असेंब्लीतली सूचना आहे: चौदा नंबरच्या रजिस्टरमध्ये जो पत्ता आहे तिकडे जा. म्हणजे 'आलो तिथे परत जातो'. मग त्याचा उपयोग काय? तर फाइल बनवणं-पुसणं हे काम सिस्टिम जॉबच्या आधी-नंतर स्वतःच करते, पण त्यासाठी कोणतातरी प्रोग्रॅम चालवावा लागतो. तर हा चालवा. किस्सा पुढे आहे: या एका ओळीच्या प्रोग्रॅममध्येसुद्धा बग निघाला! परत जाताना पंधराव्या रजिस्टरमध्ये शून्य ठेवायचं असतं, म्हणजे 'सगळं ठीक'. ते राहून गेलं, आणि जुनाच कचरा एरर म्हणून वाचला जायचा. शेवटी आणखी एक सूचना घातली. प्रोग्रॅमची लांबी दुप्पट झाली, असं जुने लोक हसून सांगतात. ज्यांचं प्रॅक्टिकल व्हायव्हात 'रिटर्न झीरो का?' वर अडकलं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

फोरट्रानचंही तसंच. 1957 च्या त्या भाषेत आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं व्हेरिएबल आपोआप पूर्णांक धरलं जायचं. कारण म्हणे इंटिजरची पहिली दोन अक्षरं आय आणि एन! लक्षात ठेवायला बरं आहे, पण गणिताच्या पुस्तकात आय, जे, के, एन हे त्याच्या कितीतरी आधीपासून मोजणीचेच होते. आपण आज लूपमध्ये आय लिहितो, तोही त्याच घराण्यातला.

असो. त्या गुरुवारी आम्ही डबा तिथेच प्लॅटफॉर्मवर खाल्ला आणि घरी आलो. आजी रस्ताभर काही बोलली नाही, ते जास्त लागलं. पुढच्या गुरुवारचं तिकीट काढलं तेव्हा तिनं चष्मा लावून मोबाइल हातात घेतला. इंग्रजी तिला येत नाही. तिनं बोटानं अक्षरं मोजली आणि विचारलं, "तीनच हायेत नं?"