गढूळ पाण्याची शुद्धी

पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते. तुरटीने ते नितळ झाले की पुष्कळ शेतकरी बंधू ते निर्दोष समजतात. परंतु नितळ पाणी शुद्ध असतेच असे नव्हे. पटकीचे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत.

ह्या कामी दोन क्रिया आहेत, व त्यांचा क्रम मोडू नये. प्रथम हजार लिटर पाण्यास, गढूळपणाच्या मानाने, ५ ते ४० ग्रॅम तुरटी विरघळवून घालावी व ढवळून पाणी रात्रभर स्थिर ठेवावे. तुरटीचे पुंजके बनतात व मातीचे कण घेऊन तळाशी बसतात. वरचे नितळ पाणी दुसऱ्या टाकीत काढावे.

नंतर दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम टी.सी.एल. भुकटी थोड्या पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा, व वरची निवळ तेवढीच टाकीत मिसळावी. एक तासानंतर पाणी प्यावे.

क्रम उलटल्यास भुकटीतील क्लोरीन गाळातच खर्ची पडतो व कणांच्या आड जंतू जिवंत राहतात. भुकटीचा डबा घट्ट झाकावा. हवा व ओल लागल्यास तिचा जोर जातो. मुलाबाळांच्या जिवापुढे एवढी तसदी काहीच नव्हे.