एकेरीत दोनशेच्याही मागे, दुहेरीत मात्र जगात पहिला

टेनिस म्हटलं की आपल्याला एकास एक सामना आठवतो. पण याच खेळात नुसत्या दुहेरीवर पोट असणारे खेळाडूही असतात आणि त्यांचं गणितच वेगळं असतं. रोहन बोपण्णा हे आपल्या देशातलं त्याचं ठळक उदाहरण.

घर कर्नाटकातल्या कोडगूचं, कॉफी पिकवणारं. बोपण्णा २००३ मध्ये व्यावसायिक झाला. उंची सहा फूट चार इंच, सर्व्हिस दणकट. तरी एकेरीत त्याचा सगळ्यात चांगला जागतिक क्रमांक २१३. एवढ्यावर ग्रँड स्लॅममध्ये थेट प्रवेश मिळत नाही, आधी पात्रता फेरी खेळावी लागते. मग त्याने दुहेरीच धरली.

दुहेरीत वेगळं काय? एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. ते दोघांनी सांभाळायचं, म्हणजे एकाच्या वाट्याला १८ फूट. पळापळ कमी, त्यामुळे वय झालं तरी खेळता येतं. पण सर्व्हिस, जाळीजवळची व्हॉली आणि जोडीदाराशी ताळमेळ पक्का लागतो.

क्रमवारी ज्याची त्याची, गेल्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर. स्पर्धेत प्रवेश मात्र दोघांचे क्रमांक मिळून ठरतो. म्हणून जोडीदार निवडणं हीच मोठी परीक्षा. बक्षीसही दोघांत वाटलं जातं.

२०१० मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर तो अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत गेला, पण ब्रायन बंधूंकडून हरला. २०१७ मध्ये कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली.

पुढे गुडघ्यातली कूर्चा झिजली. वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळावं लागलं. २०२१ मध्ये सारखे पराभव झाले, तेव्हा खेळ सोडायचा विचारही आला. त्याला सावरलं अय्यंगार योगाने. म्हणजे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी आयुष्यभर शिकवलेल्या पद्धतीने.

जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. वय ४३. त्याच वेळी दुहेरीत जगात पहिला क्रमांक मिळाला. एवढ्या वयात तो आधी कुणालाच मिळाला नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

व्यावसायिक झाल्यापासून पुरुष दुहेरीचं पहिलं ग्रँड स्लॅम हाती यायला वीस वर्षं गेली. पोराला खेळात घालणाऱ्या आईबापाने हा आकडा ध्यानात ठेवावा.