शिकारी मासा आणि बर्फातला घास

सोलापूरसारख्या कोरड्या मुलखात माशांवर व्याख्यान कसले, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्याकडे पाणी अगदीच नाही असे नाही. सिद्धेश्वराच्या देवळाभोवती तळे आहे, हिप्परग्याचा तलाव आहे, आणि 1980 साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाल्यापासून तर आपला जिल्हा गोड्या पाण्यातील माशांचा मोठा पुरवठादार झाला आहे. शिवाय पुष्कळ घरांच्या बैठकीत आता काचेची पेटी असते आणि तिच्यात मासे पोहत असतात. तेव्हा आजचा प्रश्न घरगुती आहे आणि धंद्याचाही आहे. जिवंत भक्ष्यावर वाढलेला शिकारी मासा मेलेले, गोठवलेले अन्न खात नाही. त्याला ते खायला कसे शिकवावे?

प्रथम हा मासा कोणता ते सांगतो. आपल्याकडील उत्तम उदाहरण म्हणजे मरळ. लांब, गोल अंग, सापासारखे चपटे डोके, भरपूर दात. पाण्यातील हवा कमी पडली तर ही वर येऊन तोंडाने हवा घेते. म्हणूनच बाजारात ती ओल्या पोत्यावरही जिवंत दिसते. तिच्या पिलांचा लालसर थवा उथळ पाण्यात फिरत असतो आणि आईबाप खालून राखण करीत असतात. असे एखादे बोटभर पिलू मुले हौसेने घरी आणतात. पहिले काही महिने गंमत असते. पिलू पाण्यातील किडे खाते, मग बारीक मासे खाते, आणि वीतभर झाले की रोज मासे कोठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो. बाजारातून कोळंबी आणून टाकावी, तर मरळ तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कोळंबी तळाशी पडते, सकाळपर्यंत पाणी गढूळ होते आणि दुर्गंधी सुटते. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा ही म्हण माणसाच्या बाबतीत खरी असेल. मरळीला ती लागू पडत नाही.

हाच प्रश्न मोठ्या मत्स्यालयांपुढेही असतो. मुंबईच्या चौपाटीजवळ तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उघडले. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी मुंबईच्या सहलीत ते पाहिलेच असेल. अशा ठिकाणी शेकडो तोंडे भरावयाची असतात. प्रत्येक शिकाऱ्याला रोज जिवंत शिकार पुरविणे व्यवहारात जमत नाही. त्यामुळे माशाला मेलेल्या अन्नाची सवय लावणे हा जगभरच्या मत्स्यपालांच्या कामाचा एक नित्याचा भाग आहे.

आता मासा खात का नाही, ते पाहू. आपण त्याला हट्टी म्हणतो. वस्तुतः तो हट्ट नव्हे. अमेरिकेत 1959 साली लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या डोळ्यावर एक प्रसिद्ध संशोधन केले. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू असे आढळले की, लहान, काळसर आणि हलणारा ठिपका दिसला तरच ते जागे होतात. म्हणजे बेडकाभोवती मेलेल्या माश्यांचा ढीग असला तरी तो उपाशी राहील, कारण त्या त्याच्या दृष्टीने अन्नच नव्हेत. मासा म्हणजे बेडूक नव्हे हे खरे; पण तत्त्व जवळचे आहे. शिकारी मासा भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः हालचालीवरून. डोळ्याखेरीज त्याच्या दोन्ही कुशींवर एक संवेदनशील रेषा असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील बारीकशी थरथरसुद्धा त्याला तिच्यामुळे कळते. न हलणारा तुकडा डोळ्यालाही काही सांगत नाही आणि पार्श्वरेषेलाही नाही. उरतो तो फक्त वास. आणि गोठून कडक झालेल्या तुकड्याला तोही कमीच. तेव्हा आपल्याला माशाची खोड मोडावयाची नाही, तर हे अन्न आहे हे त्याला कळेल अशा भाषेत सांगावयाचे आहे.

कोणी विचारील, मग जिवंत मासेच का देऊ नयेत? निसर्गात तसेच तर चालते. याला तीन उत्तरे आहेत. पहिले रोगाचे. दुकानात दाटीवाटीने ठेवलेले स्वस्त मासे अंगावर पांढरे ठिपके आणणारे परोपजीवी आणि इतर रोग घेऊन येतात. गोठवल्याने पुष्कळसे परोपजीवी मरतात. सर्व जंतू मात्र मरत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. दुसरे उत्तर पोषणाचे. कार्प कुळातील काही माशांत, त्यात आपला गोल्डफिशही आला, ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करणारे एक द्रव्य असते. 1930 नंतरच्या वर्षांत अमेरिकेत चॅस्टेक नावाच्या गृहस्थांच्या कोल्ह्यांना कच्चे कार्प मासे घातले जात असत. ते कोल्हे लुळे पडून मेले. त्या शोधातून हे द्रव्य उजेडात आले. शिजवल्याने ते नाहीसे होते, गोठवल्याने होत नाही. म्हणून जिवंत असो वा बर्फातले, एकाच जातीचे अन्न रोज देऊ नये. आलटून पालटून द्यावे. तिसरे उत्तर मनाचे आहे. काचेच्या पेटीत भक्ष्याला पळायला जागा नसते. ती शिकार नव्हे, तो देखावा आहे. आणि तो पाहायला घरातील मुले जमतात.

आता पद्धत. आपल्याकडे मुलाचे उष्टावण करतात, तेव्हा पहिल्याच दिवशी दूध तोडून भाकरी पुढे ठेवीत नाहीत. दूध चालूच असते, त्यात मऊ भाताचे एक बोट, मग दोन. माशाचेही असेच करावयाचे.

पहिली पायरी विश्वासाची. नवा मासा आणल्याबरोबर शिकवणी सुरू करू नये. त्याला लपायला जागा द्यावी, पाणी स्थिर होऊ द्यावे आणि तो जिवंत भक्ष्य निर्धास्तपणे खाऊ लागेपर्यंत थांबावे. दुसरी पायरी वेळेची. रोज एकाच वेळी, पेटीच्या एकाच कोपऱ्यात, एकाच माणसाने अन्न द्यावे. रशियाच्या पाव्हलॉव्हने कुत्र्यांवर दाखविले तेच येथेही घडते: काही दिवसांत माणूस दिसताच मासा त्या कोपऱ्यात येतो. तिसरी पायरी भुकेची. वाढलेल्या, धडधाकट माशाला दोनतीन दिवस उपास घडला तर बिघडत नाही. मग नुकताच मेलेला लहान मासा लांब चिमट्यात किंवा बांबूच्या काडीच्या टोकाला हलकेच धरून पाण्यात न्यावा. तो माशाच्या तोंडावर नेऊ नये. खरे भक्ष्य शिकाऱ्याकडे धावत येत नाही, ते पळते. म्हणून घास त्याच्यापासून दूर न्यावा, थांबवावा, पुन्हा झटका द्यावा. मासा झडप घालतो तो या क्षणी.

असे काही वेळा जमले की चौथी पायरी. ताज्या माशाच्या जागी गोठवलेला, पण आधी पूर्ण वितळवलेला मासा द्यावा. त्यानंतर त्याच आकाराची कोळंबी किंवा माशाची लांबट फोड द्यावी. मग काडीची हालचाल कमी करीत जावे आणि शेवटी घास नुसता सोडून द्यावा. खाली पडता पडता तो जेवढा हलतो तेवढे पुरेसे होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा सगळ्याचा सारांश. घास नाकारला तर दहापंधरा मिनिटांत काढून टाकावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. मटणाचे तुकडे मात्र नेहमीचे अन्न म्हणून देऊ नयेत. त्यांतील चरबी माशाच्या प्रकृतीला मानवत नाही.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. भूक हे साधन आहे, शिक्षा नव्हे. माशाचे पोट आत गेलेले दिसले, पाठ बारीक वाटू लागली, की हार मानून जिवंत भक्ष्य द्यावे आणि काही दिवसांनी पुन्हा आरंभ करावा. बोटभर पिलांना तर उपास मुळीच घडवू नये. ती दुबळी होतात किंवा एकमेकांना खातात.

आपल्या गावाच्या हवेचाही विचार केला पाहिजे. वीस अंश उष्णतेच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. शिवाय उन्हात उरलेला घास लवकर कुजतो, त्यातून अमोनिया होतो आणि मासे गुदमरतात. मरळ स्वतः हवा घेऊन तगेल, पण तिच्यासाठी पाण्यावर मोकळी जागा ठेवली पाहिजे, आणि वर जाळीचे झाकण, कारण ती उडी मारते. दुसरे असे की, वीज तासन् तास गेली आणि फ्रीजमधील कोळंबी वितळून मऊ पडली, तर ती पुन्हा गोठवून वापरू नये. एकेका वेळेपुरत्या लहान पुड्या करून ठेवणे बरे.

हा विषय हौसेपुरता नाही. कंबोडियात मरळीच्याच जातीचे मासे पाळण्याचा धंदा वाढला, आणि त्यांना घालण्यासाठी नदीतील बारीक मासे इतके उपसले जाऊ लागले की 2004 साली सरकारने त्या धंद्यावरच बंदी घातली. गरिबाच्या ताटातील मासा श्रीमंताच्या माशाला जात होता. शेजारच्या व्हिएतनाममध्ये कँथो विद्यापीठातील संशोधकांनी पिलांना दररोज थोडा थोडा वाटा वाढवीत तयार खाद्यावर आणण्याची रीत बसविली. पुढे 2016 साली कंबोडियातील बंदी उठली. उष्टावणाचीच ही रीत. तिने एक धंदाही उभा राहतो आणि एक नदीही वाचते. उजनीच्या काठी उद्या कोणी मरळ पाळावयाची ठरविली, तर त्यालाही हाच धडा गिरवावा लागेल.

आज घरी गेल्यावर कोणाच्या पेटीत असा उपाशी शिकारी असेल, तर त्याच्यावर रागावू नका. काडीच्या टोकाला एक घास लावा, तो त्याच्यापासून दूर न्या, आणि वाट पाहा.