जबड्याचा सांधा आणि अल्पशक्ती लेसर : संज्ञा व उपचार

सातारा-सांगलीकडील रुग्ण ‘तोंड उघडत नाही’ असे सांगतो, तेव्हा या एका शब्दप्रयोगाखाली निदान तीन विकार संभवतात. धनुर्वातात जबड्याचे स्नायू आखडून दातखीळ बसते. सुपारी-गुटख्याच्या व्यसनाने गालाचे आतील अस्तर ताठरते. तिसऱ्या प्रकारात दोष खुद्द जबड्याच्या सांध्यात वा त्यास हलविणाऱ्या स्नायूंत असतो. पहिला विकार प्राणघातक ठरू शकतो, दुसऱ्यातून कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. प्रस्तुत टिपणाचा विषय तिसरा विकार होय.

हा सांधा कानाच्या लगत पुढे असतो. शंखास्थी आणि खालचा जबडा यांच्यामध्ये एक चकती असते. तोंड उघडताना जबडा प्रथम फिरतो, मग पुढे सरकतो. चकती जागची ढळल्यास ‘कट्’ असा आवाज होतो, क्वचित जबडा अडकतो. वेदना कानाशी जाणवत असल्यामुळे पुष्कळदा कानाचाच विकार समजला जातो.

या वेदनेवर योजिल्या जाणाऱ्या उपचारांत ‘लो-लेव्हल लेसर’ हा एक आहे. पहिला लेसर १९६० मध्ये मेमन यांनी सिद्ध केला. १९६७ च्या सुमारास बुडापेस्ट येथे मेस्टर यांना उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर लेसर-प्रकाशाने केस लवकर उगवताना दिसले. हा प्रकाश कापीत वा भाजीत नाही. तांबडा व निकट-अवरक्त प्रकाश पेशींतील सायटोक्रोम-सी ऑक्सिडेज शोषून घेते व ऊर्जानिर्मितीस चालना मिळते, असे प्रचलित स्पष्टीकरण आहे. ‘निम्नस्तर’ या शब्दशः भाषांतरात हीनतेची छटा येते. येथे उणेपणा शक्तीचा आहे, गुणाचा नव्हे. यास्तव ‘अल्पशक्ती’ ही संज्ञा अधिक युक्त वाटते.

तथापि चांगल्या नावाने गुण सिद्ध होत नाही. काही प्रयोगांत वेदना कमी झाल्याचे आढळले. परंतु तरंगलांबी, मात्रा व बैठकींची संख्या प्रयोगागणिक भिन्न आहे. २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेने दीर्घकालीन वेदनेसाठी जबड्याचे व्यायाम, हस्तोपचार व मानसोपचार यांची शिफारस केली, आणि लेसरविरुद्ध सशर्त मत दिले.

कराड व सांगली येथे दंतवैद्यकाची महाविद्यालये आहेत. तेथील अभ्यासकाने रुग्णाचे बोल जसेच्या तसे टिपावे आणि कोठे दुखते, तोंड किती उघडते, सुपारीची सवय आहे काय, हे विचारावे. निदान शब्दापाशी चुकले, तर प्रकाश कितीही अचूक असला तरी तो भलत्याच जागी पडेल.