शालेय वर्षाची दोन सत्रे आणि विद्यार्थ्याचे जीवन

आपल्या राज्यात प्राथमिक शाळेचे वर्ष दोन सत्रांत विभागलेले आहे. पहिले सत्र जूनच्या मध्यास सुरू होऊन दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालते. दुसरे दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या सुट्टीस संपते. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे शाळा काही दिवस उशिरा उघडतात. ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिचा विद्यार्थ्याच्या जीवनावर काय परिणाम होतो, याचा विचार सहसा केला जात नाही. तो करणे अगत्याचे आहे. कारण कित्येक बालकांची शाळा सुटते ती वर्षाच्या अखेरीस नव्हे, तर दोन सत्रांच्या सांध्यावर.

दोन्ही सत्रे सारख्याच लांबीची असतात, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दिवाळी चांद्र पंचांगाप्रमाणे येते. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबर रोजी होते. २०२५ साली ते २१ ऑक्टोबर रोजी होते. म्हणजे पहिल्या सत्राच्या मुदतीत सुमारे तीन आठवड्यांचा फरक पडला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने पहिली ते पाचवीसाठी किमान २०० व सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. परंतु हे दिवस संपूर्ण वर्षाचे आहेत. म्हणून ‘अर्धे पुस्तक दिवाळीपूर्वी’ असा ठोकळेबाज हिशेब न करता, प्रत्येक वर्षी पंचांग पुढे ठेवून दिवस मोजावेत व मगच घटकनियोजन करावे.

दोन्ही सत्रांचा स्वभावही भिन्न आहे. पहिल्या सत्रात पेरणी, खुरपणी, सोयाबीनची काढणी अशी कामे असतात. ओढ्यानाल्यांना पाणी येते. सणवारही याच काळात अधिक. त्यामुळे बालकाची हजेरी तुटक होते, पण त्याचे घर गावातच असते. दुसऱ्या सत्रात कित्येक गावी घरालाच कुलूप लागते. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कारखान्यांचा हंगाम आटोपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असल्याने पतिपत्नी दोघांनाही फडात जावे लागते. त्यांच्याबरोबर गेलेली आठ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, वाढे गोळा करते. आपल्या दफ्तरात ती दुसऱ्या सत्रात ‘गैरहजर’ असते. तिच्यापुरते मात्र दुसरे सत्र अस्तित्वातच नसते. अशी दोन-तीन वर्षे गेली म्हणजे ती वर्गाच्या मागे पडते आणि पुढे शाळेत येण्याची तिलाच लाज वाटू लागते.

हे टाळण्यासाठी शिक्षक बंधुभगिनींनी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी किमान महिनाभर तयार ठेवावी व पालकांची घरी जाऊन भेट घ्यावी. मूल आजी-आजोबांजवळ राहू शकते काय, हंगामी वसतिगृहाची सोय आहे काय, हे शांतपणे बोलावे. उपदेश करू नये. त्यांची अडचण खरी आहे.

दुसरी गोष्ट, पहिल्या सत्राचा अभ्यास अर्धवट तुकडा न राहता स्वतःपुरता पुरा असावा. जाणाऱ्या बालकाला निदान वाचन, लेखन व गणनक्रिया यांतील एक पायरी पक्की करून पाठवावे.

तिसरी गोष्ट, मूल जातच असेल तर त्याला काय येते याची स्पष्ट नोंद पालकांजवळ द्यावी. स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळेल हे पाहणे, हे उपरोक्त अधिनियमाच्या कलम ९ अन्वये स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कारखान्याजवळील शाळेच्या शिक्षकांनी असे मूल दारी आल्यास कागदपत्रांसाठी त्यास परत पाठवू नये.

चौथी गोष्ट, दिवाळीनंतरचा पहिला आठवडा नव्या पाठासाठी घाईने वापरू नये. गावात राहिलेल्या बालकांचेही सुट्टीत बरेच विस्मरण झालेले असते. मार्चमध्ये परतणाऱ्या मुलाला तर वर्गासमोर ‘इतके दिवस कोठे होतास?’ असे विचारूच नये. त्याची जागा, त्याचे पुस्तक व त्याचे हजेरीतील नाव जसेच्या तसे असावे.

सत्रांची मुदत ठरवणे एकट्या शिक्षकाच्या हाती नाही. परंतु एका सत्रातून दुसऱ्या सत्रात बालकाला हात धरून नेणे सर्वस्वी त्याच्याच हाती आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रत्येकाने आपल्या वर्गाचा पट समोर घ्यावा आणि सुट्टीनंतर यांपैकी कोण परत येणार नाही, हा प्रश्न एकेका नावापुढे स्वतःस विचारावा. उपाययोजनेचा आरंभ तेथूनच होतो.