शेजारच्या खोलीतलं विद्यापीठ

1927 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, मेंडोटा तलावाकाठच्या अ‍ॅडम्स हॉल नावाच्या वसतिगृहात सुमारे 120 मुलं राहायला आली. सगळी पहिल्या वर्षाची, नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली. वर्षभर त्यांना एकच विषय होता: इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातलं अथेन्स. इतिहासाचा तास वेगळा, तत्त्वज्ञानाचा वेगळा, अशी वाटणी नव्हती. त्या एका शहरानं राज्य कसं चालवलं, युद्धं का ओढवून घेतली, नाटकं कशी रचली, सॉक्रेटिसला विषाचा प्याला का दिला, हे सगळं एकत्रच वाचायचं. तेही जिथे झोपायचं त्याच इमारतीत. शिक्षकांच्या बसायच्या खोल्याही तिथेच होत्या. दुपारी अर्धवट राहिलेला वाद रात्री जिन्यात पुन्हा पेटे.

हा प्रयोग तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक अलेक्झांडर माइकलजॉन यांचा. मुलं चार दिशांना चार विषय शिकायला जातात आणि परत आल्यावर त्यांना एकमेकांशी बोलायला सामायिक असं काहीच उरत नाही, ही त्यांची खंत होती. म्हणून सगळ्यांच्या हातात एकाच वेळी एकच पुस्तक द्यायचं आणि सगळ्यांना एका छपराखाली ठेवायचं.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पहिल्या वर्षानंतरची उन्हाळ्याची सुट्टी. घरी गेलेल्या मुलानं आपल्याच गावाचा किंवा प्रदेशाचा अभ्यास करायचा: इथली जमीन कुणाची, कारखाने कुणाचे, लोक काय मानतात, मतं कुणाला देतात. वर्षभर अथेन्सला प्रश्न विचारून सरावलेला मुलगा आता तेच प्रश्न आपल्या गल्लीला विचारणार! दुसऱ्या वर्षी अभ्यासाला होती आधुनिक अमेरिका.

वसतिगृहातलं हे छोटं कॉलेज पाचच वर्षं चाललं. इतर प्राध्यापकांचा विरोध, बंडखोर पोरांचा अड्डा अशी झालेली ख्याती, घटत गेलेले प्रवेश आणि वर आर्थिक मंदी. 1932 मध्ये ते बंद झालं. कल्पना मात्र मेली नाही. 1974 पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक अभ्यासक्रम चालतो, त्यातली पहिल्या वर्षाची मुलं-मुली एकाच वसतिगृहात राहून वर्षभर तत्त्वज्ञान, साहित्य आणि कला शिकतात. व्याख्यानंही वसतिगृहातच होतात. आज अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्याला खोलीच्या अर्जात विचारतात, संगीताच्या मजल्यावर राहणार की पर्यावरणाच्या? एक मजला किंवा अख्खी इमारत एका विषयाला दिलेली असते. बऱ्याच ठिकाणी तिथल्या मुलांचे एक-दोन तास सामायिक असतात, एखादे प्राध्यापक अधूनमधून जेवायला येतात, वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी देखरेखीला राहतो.

एवढ्यानं काय होणार, असं वाटेल. भिंतीपलीकडच्या माणसाची ताकद आपल्याला ठाऊक नसते म्हणून तसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठानं विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली. घरं मिळाली ती निवडीनं नव्हे, जसा नंबर लागेल तशी. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या मैत्र्या मोजल्या आणि 1950 मध्ये पुस्तक लिहिलं. एकाच मजल्यावर अगदी शेजारी राहणाऱ्यांपैकी 41 टक्के जोड्यांची मैत्री जमली होती, मध्ये एक घर असेल तर 22 टक्के, मजल्याच्या दोन टोकांना अवघी 10 टक्के. अंतर किती? दोन शेजारच्या दारांमध्ये जेमतेम सहा मीटर! जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तर वरच्या मजल्यावरचे मित्रही जास्त मिळाले, कारण वरची माणसं त्यांच्या दारावरूनच जात-येत. आपण ज्याला स्वभाव जुळणं म्हणतो, त्यातलं बरंचसं वास्तुविशारदाच्या आराखड्यावर आधीच आखलेलं होतं.

शेजाऱ्याची ही गत, तर एकाच खोलीतल्या माणसाचं काय? अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाचे रूममेट जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरत. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅकरडोट यांनी त्यांचे निकाल तपासले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार रूममेटच्या अभ्यासाचा परिणाम आपल्या गुणांवर होतो, आणि कुठल्या विद्यार्थी-मंडळात शिरायचं यावरही. मुख्य विषयाच्या निवडीवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे सोबतचा माणूस दिनक्रमात शिरतो, पण प्रत्येक निर्णयात नाही. मला हा भेद फार मोलाचा वाटतो.

विषयवार वसतिगृहं हीच ताकद हेतुपुरस्सर वापरतात, आणि धोकाही तिथेच आहे. सारखी माणसं सारख्यांतच राहिली तर नवं कुणी भेटणार कधी? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं 2018 मध्ये ठरवलं की पहिल्या वर्षाच्या मुलांना रूममेट स्वतः निवडता येणार नाही. आपल्यासारखाच कुणी आधीच ऑनलाइन शोधून खोली पक्की करण्याची रीत वाढली होती. ड्यूकची भीती मला रास्त वाटते, पण तिच्यावर चिठ्ठी हाच एक उपाय आहे असं मात्र वाटत नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठातलं अक्वेकॉन पाहा. 1991 मध्ये उघडलेलं हे घर उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीसाठी म्हणून मुद्दाम बांधलं गेलं. अमेरिकी विद्यापीठांतलं असं ते पहिलंच. कॉर्नेलची जमीन मुळात कायुगा या मूळ रहिवासी जमातीची. त्या परिसरातल्या जमाती शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे विणून करार आणि आठवणी जपत. त्या पट्ट्यांची नक्षी या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवर आहे. आपल्या राखीव वस्तीतून हजारोंच्या विद्यापीठात एकटी आलेली मुलगी इथे पहिल्याच दिवशी परकी राहत नाही. पण हे घर फक्त तिच्यासारख्यांचं नाही. कुणीही अर्ज करू शकतो आणि इतर समाजांतली मुलंही इथे राहतात. त्या मुलांसाठी कायुगा हे नाव मग पुस्तकातला परिच्छेद राहत नाही. आपण शिकतो ती जमीन कुणाची होती, हा प्रश्न स्वयंपाकघरात भाजी चिरताना निघू शकतो, आणि उत्तर देणारी व्यक्ती शेजारीच उभी असते.